दोन एकर विकून दुसरी एम.एस्सी. करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातली एक मुलगी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, दुसरं वर्ष नुकतंच लागलंय. थिसिसचा विषय खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णा खोऱ्यातल्या खारवट, जमिनीत जिप्समचा परिणाम. घरी सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन-तूर. नागपुरातल्या एका सल्लागारानं सांगितलंय की आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, साडेसहा बँड आण, ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश करून देतो, सगळा खर्च पस्तीस लाख, कर्ज होऊन जाईल. त्याची फी साठ हजार. बाबा दोन एकर विकायला तयार आहेत. तिला विचारायचंय की आयईएलटीएसची तयारी घरी बसून होते का, आणि या सल्लागाराकडे पैसे भरावेत का.

वयानं तू माझ्या विद्यार्थिनींएवढी, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

आयईएलटीएसची तयारी घरी होते, त्याबद्दल पुढे लिहिते. सल्लागाराचं नाव तू दिलं नाहीस ते बरंच केलंस, मला त्याच्याविषयी काही म्हणायचं नाही. पण तुझा प्रश्न वाचताना मला दिसलं ते वेगळंच. एम.एस्सी. हातात येत असताना घरचं वावर विकून तू दुसरी एम.एस्सी. करायला निघाली आहेस, आणि ती कशासाठी, हे तुला अजून कोणी विचारलेलंच दिसत नाही.

मी अकोल्याचीच एम.एस्सी. पुढे अमेरिकेत मृदाशास्त्रात पीएच.डी. केली, तिथे थोडी वर्षं काम केलं, आणि आता विदर्भातल्याच एका कृषी महाविद्यालयात शिकवते. बाहेर जाऊ बघणाऱ्या पोरापोरींचे अर्ज वाचणं हा माझा नोकरीबाहेरचा उद्योग आहे. खाली लिहिते ते त्या अनुभवावरून. शेतीशास्त्राबाहेरच्या विषयांना यातलं सगळं लागू होईलच असं नाही.

बाहेरच्या पदव्युत्तर शिक्षणात दोन वेगवेगळे व्यवहार चालतात. एकात विद्यार्थी पैसे भरतो: वर्ष-दीड वर्षाचा मास्टर्स, वर्गातली व्याख्यानं, शेवटी एक छोटा प्रकल्प. विद्यापीठाची त्यावर चांगली कमाई होते आणि विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटाला त्यातून कमिशन मिळतं. दुसऱ्यात प्राध्यापकाकडे संशोधनाचा प्रकल्प असतो, त्याला काम करणारा माणूस हवा असतो, आणि त्या माणसाची फी माफ होऊन वर महिन्याचा पगार मिळतो. या दुसऱ्या व्यवहारात एजंटाला काहीच मिळत नाही, त्यामुळे तो त्याच्या तोंडून तुला ऐकू येणार नाही. त्यात त्याचा धंदा दिसतो, लबाडी असेलच असं नाही. पण तुझा निर्णय त्याच्या धंद्यावरून ठरायला नको.

तुझ्याकडे चार वर्षांची बी.एस्सी. ॲग्री आणि वर थिसिससह दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. एवढ्यावर तू थेट पीएच.डी.ला अर्ज करू शकतेस, आणि पैसे मिळण्याची शक्यता पीएच.डी.लाच सगळ्यात जास्त असते. (अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. झालेल्यांनी जरा थांबून बघावं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, तिथे तीन वर्षांच्या पदवीवर एम.एस्सी. असल्याशिवाय निभत नाही.)

पैसे भरून मास्टर्स कधीच करू नये असं मी म्हणत नाही. विषय बदलायचा असेल, समजा मृदाशास्त्र सोडून डेटा सायन्सकडे जायचं असेल, किंवा पूर्ण शिष्यवृत्ती हातात असेल, तर गणित वेगळं होतं. तुझ्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही. शिवाय ब्रिटनमध्ये शिक्षण संपल्यावर काम शोधायला मिळणारी मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांसाठी दोन वर्षांवरून दीड वर्षावर येते आहे. पस्तीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन दीड वर्षात मृदाशास्त्रातली नोकरी शोधणं, तीही व्हिसा काढून देणारी कंपनी गाठून, हे मला धाडसाचं वाटतं.

आता 'कर्ज होऊन जाईल' या वाक्याबद्दल, कारण आपल्याकडची बरीच घरं याच वाक्यावर अडकतात. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जाचा साधारण नियम असा, की चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाची हमी चालते, त्यापुढे तारण हवं. अगदी नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका विनातारण मोठी रक्कम देतात, पण त्यांची ठरलेली यादी असते. तुझ्या बाबांना वाटत असेल की सहा एकरांचा सातबारा दाखवला की झालं. होत नाही. बुडीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, त्या २००२ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. जप्त करता येत नाही ती जमीन बँक या कर्जाला तारण म्हणून बहुधा घेतच नाही. तिला हवा असतो एनए (बिगरशेती) प्लॉट, नगरपालिका हद्दीतलं घर, मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी. गावठाणातलं घर असेल तर त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि त्यावर बँकेचा वकील नाक मुरडतो. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर निदान बोलणं सुरू होतं.

तारण नको म्हणणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत. त्यांचं व्याज जास्त असतं, शिकत असतानाच व्याजाचे हप्ते सुरू होतात, आणि त्यांना सहकर्जदाराचं उत्पन्न कागदावर दिसायला हवं असतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून बाबांनी रिटर्न भरलेले नसतात. मग घरात नोकरीवाला कोण, हे शोधणं सुरू होतं आणि शेवटी झेडपीत शिक्षक असलेल्या मामांपर्यंत गाडी येते. म्हणजे 'कर्ज होऊन जाईल' याचा व्यवहारातला अर्थ असा, की मामा पस्तीस लाखांवर सही करतील. हे मामांना माहीत आहे का?

आणि सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद. पीककर्जाचं दरवर्षी नवं-जुनं वेळेवर झालं असेल तर ठीक. थकीत राहून मग तडजोडीनं मिटवलं असेल, तर बाबांच्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो बरीच वर्षं दिसतो. गावात त्याला कर्ज फिटलं असं म्हणतात, बँक तसं मानत नाही. तू कोणत्याही मार्गानं गेलीस तरी बाबांचा सिबिल अहवाल आत्ताच काढून बघ. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

याउलट पगारी पीएच.डी.चा खर्च मांडून बघू. साधा पासपोर्ट १,५०० रुपये. आयईएलटीएस अठरा हजारांच्या आसपास. पाच-सहा विद्यापीठांच्या अर्जाची फी प्रत्येकी ५० ते १०० डॉलर. ट्रान्सक्रिप्ट, झेरॉक्स, कुरिअर. प्रवेश हातात येईपर्यंत एवढंच, सत्तर-ऐंशी हजार, म्हणजे सल्लागाराच्या फीहून थोडं जास्त. पुढचा खर्च प्रवेश आणि पगाराचं पत्र आल्यावरचा: अमेरिकेसाठी सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर, व्हिसाचे १८५ डॉलर, विमानाचं तिकीट, आणि पहिला पगार हातात पडेपर्यंत घरभाडं, डिपॉझिट, खाणंपिणं यासाठी दोन-अडीच हजार डॉलर. सगळं धरून चार ते पाच लाख. ही रक्कम साडेसात लाखांच्या आत बसते, म्हणजे हमीदारावर निभते. जमीन विकण्याचा विषयच येत नाही. बाबांनी अजून कोणाकडून इसार घेतलेला नसेल तर घेऊ नका म्हणावं, एकदा इसारपावती झाली की मागे फिरणं महाग पडतं.

हा पगार कसा असतो ते सांगते. अमेरिकेत त्याला असिस्टंटशिप म्हणतात. आठवड्याला वीस तास संशोधनाचं किंवा शिकवण्याचं काम, त्याबदल्यात फी बहुतेक माफ, आणि वर्षाला साधारण वीस ते तीस हजार डॉलर. विद्यापीठाचे किरकोळ आकार दर सेमिस्टरला भरावे लागतात, ते ऑफर लेटरमध्ये नीट वाचायचे. लहान गावातल्या विद्यापीठात यात एका माणसाचं नीट भागतं, कॅलिफोर्नियात ओढाताण होते. शेतीच्या विषयांना अमेरिकेत लँड-ग्रँट विद्यापीठं धरायची. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी जमिनी देऊन ही उभी केली गेली. कॅन्सस स्टेट, नेब्रास्का, आयोवा स्टेट, टेक्सास ए अँड एम, नॉर्थ डकोटा स्टेट ही त्यातली. आपल्याकडे ही नावं कोणाला भारी वाटत नाहीत, पण मृदाशास्त्रात यांचंच वजन आहे.

एक मात्र सांगायला हवं. २०२५ पासून अमेरिकेत संशोधनाच्या अनुदानांना कात्री लागली आहे आणि काही विभागांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्यात. म्हणून एकाच देशावर सगळं टाकू नकोस. तुझ्या विषयाला तर ऑस्ट्रेलिया जवळचा आहे. क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये कापूस पिकतो तो काळ्या, भेगाळणाऱ्या, चिकण जमिनीतच, आणि सोडियमनं बिघडलेल्या जमिनींवर तिथे खूप काम झालंय. तिथल्या सरकारची रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, फी आणि निर्वाह दोन्ही. जागा थोड्या असतात, पण थिसिससह एम.एस्सी. असणं तिथे जमेची बाजू. जर्मनीत पीएच.डी. ही बऱ्याचदा नोकरीच असते, करारावर, बहुधा अर्ध्या किंवा ६५ टक्के पदाच्या पगारावर. बॉन, गॉटिंगन, होहेनहाइम ही तिथली शेतीची विद्यापीठं. जर्मनीत पदवीसाठी जाणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (इथले पदवीचे कागद तपासून मिळणारं) लागतं, आणि स्वतःच्या खर्चानं जाणाऱ्यांना वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. पगारी करार हाती असेल तर हे पैसे दाखवण्याची गरज पडत नाही.

आता मुख्य काम. ही पगारी जागा मिळते ती प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रातून. आपल्या पोरांची गाडी इथेच अडते, कारण असं पत्र लिहायला आपल्याला कुठेच शिकवलेलं नसतं. माझ्याकडे येणारे मसुदे 'रिस्पेक्टेड सर'नं सुरू होतात, मग पाच ओळी नम्रपणाच्या, मग 'मी अत्यंत मेहनती आहे', आणि शेवटी 'कृपया संधी द्यावी'. तेच पत्र नाव बदलून दीडशे जणांना गेलेलं असतं. समोरचा पहिल्या दोन ओळींतच ते ओळखतो आणि पुसून टाकतो.

त्याऐवजी दहा-पंधराच माणसं निवड, पण नीट. तुझ्या थिसिसच्या संदर्भसूचीत जे पेपर आहेत त्यांचे लेखक आज कुठे आहेत ते बघ. त्यांच्या प्रयोगशाळेचं पान उघड, गेल्या तीन वर्षांत काय छापलं ते बघ, आणि एक पेपर खरोखर वाच. नुकतेच रुजू झालेले सहायक प्राध्यापक विशेष शोध, त्यांच्याकडे नवं अनुदान असतं आणि विद्यार्थी कमी असतात. मग बारा-पंधरा ओळींचं पत्र. पहिल्या ओळीत तू कोण आणि कोणत्या सत्रासाठी विचारते आहेस. पुढे तुझं काम, पण आकड्यांत: पूर्णा खोऱ्यातल्या किती जागांवरून नमुने घेतले, किती खोलीपर्यंत, जमिनीतलं सोडियमचं प्रमाण किती होतं, जिप्सम दिल्यावर पाणी मुरण्याच्या वेगात काय फरक पडला. मग त्यांच्या पेपरमधली एक गोष्ट आणि त्यावर तुझा खरा प्रश्न. समजा, त्यांनी पांढऱ्या चिकणमातीवर काम केलंय आणि आपल्या जमिनीत फुगणारी चिकणमाती जास्त, तर त्यांचा निष्कर्ष इथे टिकेल का? असा प्रश्न कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतो. शेवटी सरळ विचारायचं, की पुढच्या ऑगस्टपासून तुमच्याकडे पगारी जागा असण्याची शक्यता आहे का. सोबत दोन पानांचा बायोडाटा. बस.

उत्तर न येणं हे नेहमीचं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, मग सोडून द्यावं. 'आत्ता पैसे नाहीत' असं उत्तर आलं तर आभार मानून विचारावं, तुमच्या माहितीत कोणाकडे जागा आहे का. अशा एका ओळीवरून जागा मिळालेल्या मुली मला माहीत आहेत.

नागपूर इथे तुझ्या कामाला येईल. जमिनींच्या सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, ब्यूरो म्हणतो ती, अमरावती रोडवरच आहे. कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संस्थाही नागपुरातच. ब्यूरोत दोन महिने नमुन्यांचं पृथक्करण करायला मिळालं तर बायोडाटात एक भक्कम ओळ येते आणि शिफारशीला विद्यापीठाबाहेरचा एक माणूस मिळतो. आपल्या गाइडकडून रीतसर पत्र घेऊन जा, गाइडची तिथे ओळख असतेच.

शिफारसपत्रं तीन लागतात. इथे आपल्याकडची एक सवय नडते: सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तिन्ही पत्रं एकाच हातची निघाली की वाचणाऱ्याला कळतं. सरांना नाही म्हणता येत नाही हे मला माहीत आहे. म्हणून पूर्ण पत्र न देता एका पानावर मुद्दे दे, थिसिसमध्ये तू स्वतः काय केलंस, कुठे अडलीस, कसं सोडवलंस, आणि म्हण, 'सर, यावरून तुमच्या शब्दांत लिहा.' बहुतेक जण लिहितात. डीनचं पत्र आणायचा मोह टाळ, ते तुला ओळखत नसतील तर त्या पत्राला किंमत नाही. आणि शिक्षकांचा विद्यापीठाचा अधिकृत ईमेल दे, खासगी जीमेलवरची शिफारस काही ठिकाणी धरत नाहीत.

उद्देशपत्रात, म्हणजे हे शिक्षण का हवं ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधात, बालपणापासून शेतीची आवड, आणि विदर्भातल्या आत्महत्या, या दोन गोष्टींनी सुरुवात करू नकोस. दुसरी गोष्ट लिहिताना आपल्याला खरंच आतून वाटत असतं, पण वाचणारी समिती संशोधक शोधत असते, आणि दर हंगामात तिच्यापुढे अशी पत्रं येतात. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी ओलिताला चालत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर जमीन चिखलून पेरणी लांबते, हे तू पाहिलंयस. ते जसंच्या तसं लिही.

इंग्रजीबद्दल. मराठी माध्यमाची भीती मनातून काढ म्हणून जात नाही, म्हणून व्यवहाराचं सांगते. तुझी सहा वर्षांची पुस्तकं, सेमिनार, थिसिस सगळं इंग्रजीत झालंय, त्यामुळे वाचन आणि लेखनाला मार्क पडतील. ऐकणं आणि बोलणं यांवर मेहनत लागेल. रोज तुझा थिसिस तीन मिनिटांत मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड कर आणि ऐक, पहिले आठ दिवस लाज वाटेल. हेच पुढे प्राध्यापकाच्या व्हिडिओ मुलाखतीत आणि व्हिसाच्या खिडकीत कामाला येतं. ऐकण्यासाठी सराव चाचण्या फुकट मिळतात. वसतिगृहात एखादी पार्टनर मिळाली तर क्लासचे पैसे वाचतील. परीक्षा नागपूरला होते, निकाल दोन वर्षं चालतो. जीआरई ही प्रवेशाची परीक्षा शेतीच्या बऱ्याच विभागांनी बंद केलीय, म्हणून प्रत्येक विभागाचं पान बघूनच ठरव, २२० डॉलर उगाच घालवू नकोस.

कागदांत सगळ्यात आधी नाव. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिलं, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. हा क्रम बदलला तरी चालतं, स्पेलिंग बदललेलं चालत नाही. आपल्याकडे वानखडे आणि वानखेडे एकाच घरात सापडतात. बाबा सातबाऱ्यावर रामभाऊ, आधारवर रामराव, आणि तुझ्या गुणपत्रिकेवर भलतंच काही, हेही नेहमीचं. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून आधार आधी दुरुस्त कर, मग पासपोर्टचा अर्ज कर. प्रमाणपत्रातच चूक असेल तर बोर्डाकडून दुरुस्ती किंवा राजपत्रात नाव प्रसिद्ध करणं, यात महिने जातात. माझ्याकडच्या एका मुलाचा प्रवेश झाला होता, पैसे मंजूर होते, आणि तो एका अक्षरासाठी अडून बसला. पासपोर्टला नागपूरपर्यंत जायची गरज बहुधा पडत नाही, टपाल कार्यालयांतही आता पासपोर्ट केंद्रं आहेत.

शिष्यवृत्तीविषयी तू प्रवर्ग लिहिला नाहीस, म्हणून सगळ्यांचंच थोडक्यात सांगते. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याण आयुक्तालयामार्फत. ओबीसी, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठी वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांना मिळते, त्यात भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी चार जागा राखीव आहेत, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शेती शिकणाऱ्यांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची नेताजी सुभाष फेलोशिपही आहे. उत्पन्नमर्यादा, वय आणि जागा त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघायच्या, नियम बदलत राहतात.

यात एक मेख आहे. राज्याच्या योजना विद्यापीठाचं जागतिक क्यूएस क्रमांकन बघतात, पहिल्या दोनशेच्या आत वगैरे, आणि ते सर्वसाधारण क्रमांकन असतं, शेती विषयाचं नव्हे. त्यामुळे नेब्रास्का किंवा कॅन्सस स्टेट त्यात बसत नाहीत. परड्यू, यूसी डेव्हिस, नेदरलँड्समधलं वाखेनिंगेन अशी नावं गेल्या काही वर्षांत दोनशेच्या आत आली आहेत. म्हणून अर्जांच्या यादीत दोन्ही प्रकार ठेव: काही पगार देणारी, काही शिष्यवृत्तीत बसणारी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर यांतलं जे लागू असेल ते आत्ताच सेतूत टाक. जाहिरात आल्यावर वैधतेसाठी धावणाऱ्यांची मुदत टळते, हे मी जवळजवळ दर वर्षी बघते.

वेळेचा हिशेब थोडक्यात: पुढच्या ऑगस्टला जायचं तर हा महिना नाव, आधार, पासपोर्ट. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आयईएलटीएस आणि प्राध्यापकांना पत्रं. अमेरिकेचे बरेच अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती आणि ऑफर. पगारासह ऑफर आली तर होकार कळवायला १५ एप्रिलपर्यंतची मुदत तिथली बहुतेक विद्यापीठं पाळतात, त्याआधी कोणी घाई केली तर नम्रपणे वेळ मागता येतो. आणि तुझा थिसिस. तो जूनअखेर जमा होऊन तोंडी परीक्षा झाली नाही तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मिळणार नाही आणि सगळं जानेवारीवर जाईल. जानेवारीला रुजू होणं बऱ्याच ठिकाणी चालतं, मात्र प्राध्यापकाला हे आधी सांगून ठेवायला हवं. गाइडबरोबर बसून तारखा आजच ठरव, हे काम आयईएलटीएसपेक्षा निकडीचं आहे.

अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं, बोटांचे ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळेला. दारव्ह्याची शकुंतला रेल्वे बंद पडली, तेव्हा बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धर आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेव. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. तीन गोष्टी तुझ्या तोंडी असाव्यात: काय संशोधन करणार, पैसे कोण देणार, परत येऊन काय करणार. पीएच.डी.ला पगाराचं पत्र असलं की दुसरा प्रश्न आपोआप मिटतो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांपेक्षा आधी तिथे उतरता येत नाही, तिकीट काढताना हे लक्षात ठेव.

निघण्याआधीचं एकच काम लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, ते म्हणजे तब्येतीचं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे दोन डोस झाल्याचा कागद विद्यापीठं मागतात. लहानपणचं कार्ड आईकडे सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर पुन्हा डोस घ्यावे लागतात आणि दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात, म्हणून मे महिन्यातच बघून घे. चष्म्याचा नंबर तपासून एक जादा चष्मा कर. दाढेचं काही दुखणं असेल तर अकोल्यातच उरकून घे, तिकडच्या विद्यार्थी विम्यात दात बहुधा धरलेले नसतात.